बेडसेची शांतता आणि वस्तीतलं विहार

पिंपरी-चिंचवडमधून एका वाचक भगिनीचं सहा पानी पत्र आलं आहे. वय ३६, आयटीत नोकरी, चार वर्षांपूर्वी घटस्फोट. आजोबांनी १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा घेतली, तेव्हापासून घर बौद्ध. लहानपणी दर रविवारी त्या आईचं बोट धरून वस्तीतल्या विहारात जायच्या. ते विहार बांधलं तेव्हा आईने डोक्यावरून विटा वाहिल्या होत्या. घटस्फोटानंतर झोप उडाली, गोळ्या सुरू झाल्या. मग मैत्रिणीच्या सांगण्यावरून इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं आणि 'पहिल्यांदा स्वतःची भेट झाली'. गेली दोन वर्षं त्या जवळजवळ दर रविवारी एकट्या कामशेतजवळच्या बेडसेच्या बौद्ध लेण्यांत जाऊन बसतात. वस्तीतल्या विहारात आता पाय ठेववत नाही. माइकचा गोंगाट, कमिटीतली भांडणं, देणगीदारांच्या पाट्या, जयंतीच्या वर्गणीवरून रुसवेफुगवे. 'तिथे धम्म उरलेला नाही,' असं त्या लिहितात. शिबिरांतून ओळख झालेला आठ-दहा जणांचा एक गट मुळशीच्या बाजूला जमीन घेऊन एकत्र राहायचं ठरवतो आहे. प्रत्येकी सहा लाख. आई म्हणते, 'तू विहार सोडलंस म्हणजे आम्हालाच सोडलंस.' त्यांचा प्रश्न: 'मी पैसे भरून डोंगरात जाऊ का? की हे पळून जाणं आहे?' आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं: 'एक विचित्र गोष्ट आहे, बेडसेहून खाली उतरले की माझी चिडचिड दुप्पट होते.'

जय भीम.

तुमच्या सहा पानांतली ती शेवटची ओळ मी तीनदा वाचली. बाकी पत्र तुम्ही विचार करून लिहिलं आहे, ही ओळ मात्र हातातून निसटलेली दिसते. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

आधी माझं सांगायला हवं. मी जन्माने बौद्ध नाही. दहा दिवसांचं शिबिर दोनदा केलंय, आणि दुसऱ्या खेपेला चौथ्या दिवशी बॅग भरून खोलीत बसले होते. त्यामुळे तुमच्या घरातल्या, वस्तीतल्या गोष्टींवर बोलताना माझ्या बोलण्यात काही उणं-अधिक आलं, तर सांभाळून घ्या.

पाली वाङ्मयात मेघिय नावाच्या भिक्खूची एक गोष्ट आहे. बुद्ध तेव्हा चालिका इथल्या डोंगरावर राहत होते आणि मेघिय त्यांच्या सेवेला होता. जंतुगामात भिक्षा मागून परतताना किमिकाळा नदीच्या काठी त्याला एक आमराई दिसली. जागा इतकी सुरेख की त्याला वाटलं, साधना करावी तर इथेच. त्याने परवानगी मागितली. बुद्ध म्हणाले, थांब, आत्ता आपण दोघंच आहोत, दुसरा कोणी भिक्खू येऊ दे. त्याने पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. तेव्हा त्यांनी जाऊ दिलं. मेघिय आमराईत झाडाखाली बसला आणि दिवसभर त्याच्या मनात वासना, द्वेष आणि दुसऱ्याला दुखावण्याचे विचार यांनी थैमान घातलं. तो चकित होऊन परत आला. इतकी छान जागा, मी श्रद्धेने घर सोडून आलेला, मग हे असं का? बुद्ध त्याला रागावले नाहीत. चित्त अजून कच्चं असेल तर ते पिकायला पाच गोष्टी लागतात, असं त्यांनी सांगितलं. त्या पाचांत पहिली, शीलाच्या आणि प्रज्ञेच्याही आधीची, होती कल्याणमित्र. चांगली सोबत.

बेडसेत तुम्हाला शांत वाटतं हे खरंच आहे. ती जागाच तशी आहे. समोर कातळ आड असल्यामुळे खालून काही दिसत नाही, आणि सकाळी ऊन आत आलं की खांबांवरची जनावरं जिवंत होतात. पण तिथे तुम्हाला कोणी काही मागत नाही, कोणी टोकत नाही, वर्गणीची पावती पुढे करत नाही. अशा ठिकाणी राग येणार कोणाचा? तो कुठे गेलेला नसतो, पायथ्याशी चप्पल काढून ठेवावी तसा ठेवलेला असतो आणि उतरताना पुन्हा पायात येतो. आठवडाभराच्या गजबजाटाशी तुलना करायला आता एक नितळ सकाळ मिळाल्यामुळे तो जास्त बोचतो, इतकंच. यात तुमचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. मेघियचंही चुकलं नव्हतं, तो फक्त घाईत होता.

आता तुमच्या पत्रातलं एक गृहीत. डोंगरात धम्म आहे, वस्तीत उरलेला नाही. हे वाक्य तुम्ही ज्या बेडसेत बसून मनाशी घोळवता, तिथलंच बघू या. तिथे एका खोलीच्या दाराजवळ ब्राह्मी अक्षरांत कोरलं आहे की हे दान नाशिकच्या आनंद शेठीचा मुलगा पुसणक याचं. पाण्याच्या टाक्यावर महारठिनी, म्हणजे सरदार घराण्यातल्या, सामडिनिका या बाईचं नाव आहे. कामशेतहून एक स्टेशन पुढे मळवलीला उतरून कार्ल्याला गेलात तर तिथे देणगीदारांची गर्दीच आहे. वैजयंती नगरीचा भूतपाल शेठी आपल्या शैलगृहाला जंबुद्वीपातलं उत्तम म्हणवून घेतो. धेनुकाकट गावचा गंधी, म्हणजे अत्तरं विकणारा, सिंहदत्त दरवाज्याचं दान नोंदवून ठेवतो. त्याच गावचा सामी नावाचा सुतारही आपल्या कामावर नाव कोरून जातो. खांबांवर यवनांची, म्हणजे ग्रीकांची, दानं आहेत. म्हणजे देणगीच्या पाट्यांचा तुम्हाला आलेला वीट मला समजतो, पण त्या पाट्या दोन हजार वर्षं जुन्या आहेत, फक्त ग्रॅनाइटवर सोनेरी रंगात नव्हत्या.

आपल्याला लेणी आज रिकामी भेटतात म्हणून ती एकांतासाठी कोरली असं वाटतं. ती कोकणातून घाटावर येणाऱ्या वाटांजवळ आहेत. भिक्खूंना रोज भिक्षेला गावात उतरावं लागे, त्यामुळे गावापासून फार लांब राहून चालत नव्हतं. वर्षावासाचा नियम कुठून आला तेही बघा. पावसाळ्यात भिक्खू फिरताना कोवळं गवत तुडवतात, बारीक जीव चिरडतात, अशी लोकांची तक्रार होती. लोकांनी तक्रार केली आणि संघाने ऐकली, म्हणून आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत एका जागी राहायचं ठरलं. निसर्गाची कदर आणि गावकऱ्यांचं ऐकणं हे तिथे एकाच नियमात आलं आहे. तुम्ही मात्र ते दोन वेगवेगळ्या डब्यांत भरून ठेवलं आहे.

आता आईबद्दल. हे मला जरा जपून लिहायचं आहे.

तुमच्या आईच्या पिढीला, आणि आजीच्या तर नक्कीच, डोंगर म्हणजे ध्यानाची जागा नव्हता. डोंगर म्हणजे मोळी, शेण्या, पायात काटा आणि वर रानातल्या मालकाची शिवी. डोंगरात शांत बसायला मिळणं ही तुमच्या शिक्षणाने, तुमच्या पगाराने आणि त्या बायकांच्या कष्टाने आलेली गोष्ट आहे. ती उपभोगण्यात अपराधी वाटायचं काही कारण नाही. पण आईला तुमची डोंगराची ओढ का कळत नाही, ते यातून कळेल. तिला विहार म्हणजे माणसांत मानाने बसण्याची पहिली जागा. जिथे कोणी 'लांब हो' म्हणालं नाही ती जागा. तिने विटा वाहिल्या आहेत. त्या जागेत धम्म उरलेला नाही असं तुम्ही तिच्यासमोर म्हणता, तेव्हा तिला कमिटीवरची टीका ऐकू येत नसणार, तिच्या विटांबद्दल ऐकू येत असणार.

तुम्ही लोकलने जाता तेव्हा चिंचवडनंतर दोन स्टेशनांवर देहूरोड लागतं. २५ डिसेंबर १९५४ ला, म्हणजे धर्मांतराच्याही जवळजवळ दोन वर्षं आधी, बाबासाहेबांनी तिथल्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली. तिथल्या वस्तीतल्या विहारात, डोंगरावर नव्हे. हा मुद्दा तुमच्या विरोधात वापरायला सांगत नाहीये. पण दर रविवारी खिडकीतून ते स्टेशन मागे जाताना तुमच्या मनात काय येतं, हे स्वतःला एकदा विचारून बघा.

याचा अर्थ बेडसे सोडा, असाही नाही. सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे बुद्धांच्या ध्यानावरच्या उपदेशात, साधकाने कुठे बसावं हे सांगितलं आहे: अरण्यात, झाडाच्या मुळाशी, किंवा रिकाम्या घरात. तिन्हींत उतरंड नाही. म्हणजे तुमच्या टू-बीएचकेतली दुसरी खोलीही त्या यादीत बसते. (तुमची दुसरी खोली रिकामी असेल असं मी गृहीत धरतेय. माझ्याकडे तिथे इस्त्रीचे कपडे असतात.) शिबिरात सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगितलं होतं. ते चालू आहे का, याचा पत्रात कुठेच उल्लेख नाही. रविवारी डोंगर आणि सोमवार ते शनिवार काहीच नाही, असं असेल तर चिडचिडीचं अर्धं उत्तर तिथेच आहे. पुणे-पिंपरी भागात जुन्या साधकांच्या आठवड्याच्या सामूहिक साधनाही होतात. तासभर एकत्र बसायचं, आणि घरी. तिथे ना वर्गणी, ना माइक. तुम्ही बेडसेला जाण्याआधी तिकडे गेला होतात का?

गोळ्यांबद्दल एक गोष्ट, आणि ही सगळ्याच वाचकांसाठी आहे. शिबिर हा उपचार नाही. झोपेच्या, नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या बंद करायच्या नाहीत, आणि शिबिराच्या अर्जात त्याबद्दल विचारतात तेव्हा खरं लिहायचं. 'ध्यानाने सगळं बरं होतं' असं छातीठोक सांगणारा माणूस कुठल्याही गटात भेटला, तर त्याच्यापासून चार हात लांब राहा.

आता मुळशीच्या जमिनीकडे येऊ. पत्रात त्या गटाबद्दल जेमतेम पाच ओळी आहेत आणि त्यातल्या तीन ओळी तिथून दिसणाऱ्या धरणाच्या पाण्याबद्दल आहेत. माणसांबद्दल फार कमी. म्हणून काही साधे, थोडे रुक्ष प्रश्न विचारते. सातबारा कोणाच्या नावावर होणार? महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. म्हणजे गटातले आयटीवाले, शिक्षक, निवृत्त बँकवाले पैसे देणार आणि जमीन गटातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या नावावर चढणार, असं होण्याचा संभव मोठा. सहा लाखांचा काही कागद होणार का? ट्रस्ट असेल तर नोंदणी झाली आहे का, हिशेब कोण तपासतं? तीन वर्षांनी तुम्हाला बाहेर पडावंसं वाटलं तर पैसे परत मिळतील का, किती आणि कधी? आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे प्रश्न बैठकीत विचारल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो, ते नीट बघा. 'धम्मात व्यवहार कशाला आणता?' असं उत्तर आलं तर मी तरी एक रुपया देणार नाही. ज्या शिबिराने तुमचं आयुष्य बदललं तिथे फी घेत नाहीत, आणि दानही शिबिर पूर्ण केलेल्या माणसाकडूनच घेतात. ती शिस्त ज्यांनी पाहिली आहे त्यांनी निदान हिशेबाबद्दल तरी संकोचू नये.

पण समजा सगळे कागद चोख निघाले, तरी उरतो एकत्र राहण्याचा प्रश्न. त्यासाठी मला गोसिंग सालवनातली गोष्ट फार आवडते. अनुरुद्ध, नंदिय आणि किम्बिल असे तिघे तिथे राहत होते. बुद्ध भेटायला गेले आणि त्यांनी विचारलं, बरं चाललंय ना, भांडण नाही ना? तिघे म्हणाले, आम्ही दूध आणि पाणी मिसळावं तसे राहतो. मग कसे, ते सांगितलं. भिक्षेहून जो आधी येईल तो आसनं मांडतो, पिण्याचं पाणी भरून ठेवतो. मागून येणारा आवराआवर करतो. पाण्याचा घडा रिकामा दिसला तर जो बघेल तो भरतो. एकट्याला उचलला नाही तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलावतो, पण त्यासाठी मौन मोडत नाही. आणि दर पाचव्या रात्री तिघे रात्रभर धम्मावर बोलत बसतात. जंगल, शांतता, साधना, सगळं तिथे आहे, आणि तरी त्या तिघांनी सांगितलं काय, तर घडा कोण भरतो.

हीच परीक्षा तुमच्या गटाची घ्या. पैसे देण्याआधी एक पूर्ण वर्षावास त्यांच्याबरोबर घालवा. म्हणजे तीन महिने, शनिवार-रविवार, भाड्याच्या जागेत. स्वयंपाक आपणच करायचा, भांडी आपणच घासायची, मोरी आपणच धुवायची. बघा, तिसऱ्या आठवड्यात चहाची भांडी कोणाच्या वाट्याला येतात. दोन बायकाच घासत असतील आणि पुरुष 'अनित्य'वर चर्चा करत बसले असतील, तर जमीन घेतल्यावर काय होणार ते वेगळं सांगायला नको. आणि उलट, ते खरंच घडा भरणारे लोक निघाले तर? तर मग जरूर पुढचा विचार करा. मी काही मुळशीच्या विरोधात नाही. फक्त नोकरी लगेच सोडू नका.

तोवर मधला रस्ता आहेच. भाजे गावात लेण्यांच्या पायथ्याशी त्रिरत्न बौद्ध महासंघाची शिबिरं वर्षानुवर्षं होत आली आहेत आणि दापोडीचं महाविहार तर तुमच्या लोकलच्याच रस्त्यावर आहे. जाऊन बघा, पटलं तर टिकवा, नाही पटलं तर सोडा. कुठल्याही संस्थेत, मोठ्या नावाच्या सुद्धा, प्रश्न विचारायची मुभा आहे की नाही हे आधी पाहायचं. नाशिककरांना पांडवलेणी आहेत, बोरिवलीकरांना कान्हेरी आहे, कऱ्हाडला आगाशिव, छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठामागची लेणी. या सगळ्या संरक्षित जागा आहेत हे मात्र विसरू नका. मेणबत्त्या, उदबत्त्या लावू नयेत, कातळावर काजळी धरते. वेळेत बाहेर पडावं. मोबाइलवर वंदना मोठ्याने लावू नये. आगी मोहोळं असतात, अत्तर लावून जाऊ नये. आणि बाईने काय, पुरुषाने काय, एकट्याने जाताना घरी सांगून जावं. तुम्ही दोन वर्षं आईला 'ऑफिसचं काम आहे' सांगून जाताय, ते आता पुरे.

वस्तीतल्या विहाराचं काय करायचं? कमिटीत जाऊ नका. तुमच्या स्वभावाला ते झेपणार नाही आणि तुमची भांडणाची हौसही पत्रात लपलेली नाही. पण विहाराला अभ्यासिका आहे असं तुम्ही लिहिलंय. दहावी-बारावीची मुलं तिथे रात्री बसतात. त्यांना आठवड्यातून एकदा दहा मिनिटं आनापान शिकवा. श्वास आत येतो, बाहेर जातो, इतकंच. माइक लागत नाही. परीक्षेच्या भीतीवर ते काय करतं हे मुलंच सांगतील. पावसाळ्यात तुमच्याकडे वर्षावासाचं ग्रंथवाचन होतच असेल. रोज नको, पण एक संध्याकाळ मागून घ्या आणि वाचन झाल्यावर सगळ्यांना पाच मिनिटं गप्प बसवून बघा. पहिल्या वेळी कोणाचा तरी मोबाइल वाजेल आणि तुमचं डोकं फिरेल. त्या क्षणी तुम्ही काय करता, ते मला बेडसेच्या दोन तासांपेक्षा जास्त ऐकायला आवडेल.

आणि एखाद्या पौर्णिमेला त्या मुलांतल्या चौघींना आणि वाचनाला येणाऱ्या दोन काकूंना घेऊन डोंगरावर जा. वर पोचल्यावर व्याख्यान देऊ नका. एक तास बसू द्या, मग डबे उघडा. पुसणकाचं नाव दाखवा, सामडिनिकेचं टाकं दाखवा. तुम्ही पत्रात ज्या 'आपल्या माणसां'ची वाट बघताय ती बहुधा अशीच सापडतात, दोन काकू आणि चार मुली.

पळून जाणं आहे का, असं विचारलंत. मला नाही वाटत. घटस्फोटानंतर ज्या बाईला तीन तासही झोप लागत नव्हती तिने शांत जागा शोधली, यात पळणं कसलं? पण दोन वर्षं झाली. आता तुम्हाला बरीच झोप लागते असं तुम्हीच लिहिलंय.

पहिली फेरी आईबरोबर करा. बेडसेला नको, तिच्या गुडघ्यांना त्या पायऱ्या जड जातील. भाज्याच्या पायऱ्या त्या मानाने कमी आहेत, मळवलीला उतरून पायथ्यापर्यंत रिक्षा करा. रविवार टाळा, पावसाळ्यात तिथे लोहगडवाल्यांची झुंबड असते. वर गेल्यावर तिला ध्यानाला बसवू नका. तिला विचारा, विहार बांधताना विटा कुठून आणल्या, खीर कोणी केली, पहिली वंदना कोणी म्हटली, आणि देणगीच्या पाटीवर तिचं नाव का नाही. तिला बरंच बोलायचं असेल, तुम्ही मध्ये बोलू नका. परतीच्या लोकलची वेळ आधीच बघून ठेवा, दुपारी गाड्यांमध्ये बराच खंड असतो. आणि पाण्याची बाटली तिच्या पिशवीत न देता तुमच्याकडे ठेवा.